स्प्लेंडरचा टेल लाइट गेला, खिशात तीनशे रुपये, रोज रात्री बुटीबोरी

बुटीबोरी_नाइट

नमस्कार मंडळी. २०१० ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे, बाबांची, आता मी चालवतो. राहायला नागपुरात मानेवाड्याला, काम बुटीबोरी एमआयडीसीत, सध्या नाइट शिफ्ट. परवा बाजाराबाहेर गाडी उभी होती आणि कोणीतरी मागून ठोकून निघून गेलं. टेल लाइटची लाल काच अर्धी उडाली, बल्ब फुटला. नवीन बल्ब आणून लावला, पण टेल लाइट लागतच नाही. ब्रेक दाबला की मागे अगदी मिणमिणतं, दिवसा तर दिसतही नाही.

घराजवळच्या मेकॅनिकने उभ्या उभ्या पाहिलं आणि सांगितलं, पूर्ण सेट बदलावा लागेल, मजुरी धरून नऊशे. पगार सात तारखेला. तोवर हातात तीनशेच्या वर नाही. काचेच्या जागी लाल पन्नी लावून चालवून राहिलो. वर्धा रोडला रात्री मागून ट्रक आला की मान आपोआप मागे वळते. तीनशेत नीट काम होईल का? अर्धवट जुगाड नको, पण परवडेल असं सांगा.

इतवारी_टॉप_गिअर

भाऊ, सेट बिलकुल नको घेऊ. आत्ताच सांगून ठेवतो. फक्त काच वेगळी मिळते. दोन स्क्रू खोलले की निघते, नवीन बसवायला पाच मिनिटं लागत नाहीत. साधी लोकल काच शंभराच्या आत-बाहेर मिळून जाते, कंपनीची थोडी महाग. स्प्लेंडर आहे तुझी, हिचे पार्ट कोणत्याही गल्लीत मिळतात. दुकानात जाताना जुनी काच सोबत ने, कारण स्प्लेंडर, स्प्लेंडर प्लस, एनएक्सजी, प्रो, सगळ्यांच्या काचा वेगळ्या. नुसतं नाव सांगून आणली की स्क्रूची भोकं जुळत नाहीत.

सदर_शिक्षिका

दुरुस्तीतलं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट आधी करा. सायकलच्या दुकानात लाल रिफ्लेक्टर वीस रुपयांत मिळतो. तो आजच मडगार्डला लावून घ्या. तुमच्या फुटलेल्या काचेतच रिफ्लेक्टरही होता. ती नक्षीदार लाल काच मागच्या गाडीचा उजेड परत फेकते, म्हणून बल्ब गेला तरी गाडी थोडीफार दिसते. आता तेही नाही आणि पन्नी काही उजेड परत फेकणार नाही. दुचाकीला मागे लाल रिफ्लेक्टर असणं नियमानेही लागतंच.

शक्य असेल तर लाइट नीट होईपर्यंत सोबतच्या कोणाच्या गाडीवर मागे बसून जा. पेट्रोल अर्धं-अर्धं करा. माझा भाऊ हिंगण्याला शिफ्टला जायचा तेव्हा आम्ही घरचे जागे असायचो, म्हणून इतकं आवर्जून लिहिते आहे.

उजेड४४

एलईडी बल्ब टाका. जुन्याच होल्डरमध्ये बसतो, उजेड जास्त, बॅटरीवर लोड कमी. ऑनलाइन दीडशेपर्यंत मिळतो. मी माझ्या गाडीला लावलाय, एकदम झक्कास.

वायरिंग_काका_महाल

बुटीबोरी_नाइट, थांबा. काहीही विकत घेण्याआधी मला तीन गोष्टी सांगा.

ब्रेक दाबल्यावर पुढे मीटरकडे बघा. मीटरच्या आतला दिवा थोडासा उजळतो का?

टेल लाइट लागतो की नाही हे इंजिन चालू ठेवून, हेडलाइटचं बटण दाबून पाहिलं की नुसती चावी फिरवून?

आणि बल्बच्या पितळी बुडावर काय छापलं आहे ते वाचा. १२ व्होल्ट, पुढे ५/१० की ५/२१?

वीस-बावीस वर्षं मी ऑटो-इलेक्ट्रिकचं काम केलं. मागचा दिवा लागत नाही म्हणून आलेल्या गाड्यांत सेटचा दोष फार थोड्यांत निघायचा. आधी कारण शोधू. खर्चाचं नंतर बोलू.

बुटीबोरी_नाइट

काका, आत्ताच खाली जाऊन पाहिलं. हो! ब्रेक दाबला की मीटरचा दिवा उजळतो. मागे मात्र मिणमिणतंच. हे पुढे कसं काय पेटतं? बुडावर १२ व्होल्ट ५/२१ वॅट लिहिलंय. जुन्या फुटक्यावर बहुतेक ५/१० होतं, पुसट झालंय. इंजिन चालू करून पाहिलं नव्हतं, नुसती चावी. आता चालू करून पाहिलं, तरी टेल लाइट नाहीच.

वायरिंग_काका_महाल

मग दोष मला जवळजवळ इथूनच दिसतो आहे. तुमची मागची अर्थिंग तुटली आहे. सेट चांगला आहे, नऊशे रुपयांचं काम नाही.

नीट समजून घ्या, म्हणजे पुन्हा कोणी फसवणार नाही. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. बारीक ५ वॅटचा टेलसाठी, मोठा ब्रेकसाठी. बुडाला दोन ठिपके, म्हणजे दोघांचे येणारे करंट वेगळे. पण करंट परत जायची वाट दोघांची एकच, बल्बची पितळी टोपी. टोपीवरून होल्डर, होल्डरवरून हिरवी वायर, हिरवी वायर चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला. होंडाच्या पद्धतीत हिरवी म्हणजे अर्थिंग, तपकिरी म्हणजे टेल, हिरव्यावर पिवळी रेघ म्हणजे ब्रेक.

हिरवी तुटली की ब्रेकचा करंट मोठ्या फिलामेंटमधून टोपीपर्यंत येतो आणि अडतो. मग तो उलटा बारीक फिलामेंटमध्ये शिरतो, तपकिरी वायरने पुढे जातो आणि त्याच वायरवर असलेल्या मीटरच्या बल्बमधून अर्थिंग गाठतो. म्हणून ब्रेक मागे दाबता आणि दिवा पुढे लागतो. रस्त्यात तीन फिलामेंट एकामागे एक आल्यामुळे व्होल्टेज वाटलं जातं. सगळ्यात कमी वॅटचा मीटरचा बल्ब मोठा वाटा घेतो, मागच्यांना उरतं ते मिणमिणण्यापुरतं. टेलच्या वेळी तर करंटला परतीची वाटच नाही, म्हणून तो अजिबात लागत नाही.

धक्का मागून बसला, मडगार्ड हललं, वायर ओढली गेली. सीटखाली किंवा साइड पॅनलच्या आत बुलेट कनेक्टर (वायरींची टोकं एकमेकांत खुपसून जोडायचे) असतील, तिथे हिरवी निसटलेली असेल. नाहीतर मडगार्डच्या आत जिथे वायर पत्र्याला घासते तिथे तुटली असेल.

दुसरं, बल्ब बदलून आणा. आपल्याकडच्या कित्येक १०० सीसी गाड्यांत ब्रेकचा फिलामेंट १० वॅटचाच असतो, २१ चा मोठ्या गाड्यांत. दोन्ही एकाच होल्डरमध्ये बसतात, म्हणून दुकानदार हाताला येईल तो देतो. २१ वॅटचा उजेड जास्त पडतो हे खरं, पण उष्णताही दुपटीने. छोट्या बंद डब्यात काच आणि होल्डर दोन्ही मऊ पडतात. करंटचंही बघा. १० वॅटला एक अँपिअरच्या आत काम होतं, २१ ला पावणेदोन लागतात. तुमची छोटी बॅटरी सिग्नलला सिग्नलला थांबत जाताना हे सोसत नाही. जो छापलेला, तोच घालायचा.

आणि ती पन्नी आजच काढा. गरम बल्बला चिकटली तर वितळेल.

इतवारी_टॉप_गिअर

काका, मीटरचा दिवा लागण्याची गोष्ट मले पयल्यांदाच समजली. माझ्या जुन्या पॅशनला असंच होत होतं, आम्ही वर्षभर स्विच बदलत राहिलो!

उजेड४४

अर्थिंगचं पटलं. पण एलईडी का नको? तो प्रश्न राहिलाच.

वायरिंग_काका_महाल

एलईडीला माझा विरोध नाही. प्रश्न गाडीचा आहे. २०१० च्या स्प्लेंडरमध्ये हेडलाइट, टेल आणि मीटरचा दिवा बॅटरीवर चालत नाहीत. मॅग्नेटच्या कॉइलमधून येणाऱ्या एसीवर चालतात, म्हणून इंजिन बंद केलं की हेडलाइट जातो. ब्रेक लाइट, हॉर्न, इंडिकेटर हे बॅटरीच्या डीसीवर. म्हणजे एकाच बल्बच्या एका ठिपक्याला एसी आणि दुसऱ्याला डीसी. फिलामेंटला फरक पडत नाही, तो तापतो आणि उजळतो. साधा एलईडी मात्र एसीवर, इंजिन उभ्या गाडीत हळू चालत असताना, फडफडतो आणि स्वस्तातला असेल तर लवकर मरतो. आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) असलेले एलईडी बल्ब एसीवर नीट चालतात, पण ते दीडशेत मिळतील याची खात्री मी देणार नाही.

अजून एक अडचण, जी लोक दुकानात विचारतच नाहीत. टेल लाइटच्या खालच्या बाजूला काचेला एक पारदर्शक खिडकी असते. त्यातून नंबर प्लेटवर पांढरा उजेड पडतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे रात्री मागची नंबर प्लेट १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. लाल एलईडी घातला तर टेल छान लाल दिसतो, पण प्लेटही लाल होते. पांढरा घातला तर प्लेट चांगली दिसते, पण लाल काचेतून पुष्कळदा गुलाबी, फिकट उजेड येतो. बऱ्याच स्वस्त एलईडींचा उजेड समोरच जास्त जातो, बाजूने कमी. लाइटच्या आतले आरसे फिलामेंटच्या जागेवर बेतलेले असतात, त्यामुळे मधे एक झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार. रस्त्यात तिरक्या बाजूने येणाऱ्याला गाडी दिसतच नाही.

तुमची गाडी २०१७ नंतरची असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. १ एप्रिल २०१७ पासून दुचाकींना हेडलाइट कायम चालू ठेवण्याचा नियम आला आणि पुढे बऱ्याच गाड्यांची वायरिंग बदलली. तुमच्याकडे तो छान चालतो ते खोटं नाही. गाडी कोणती?

उजेड४४

२०२१ ची शाईन. मग बरोबर आहे. आणि नंबर प्लेटचं आज रात्री बघतो, खरंच लक्ष दिलं नव्हतं.

मेडिकल_चौक_रहिवासी

मी अपघात विभागात काम करते, म्हणून दोन ओळी. रात्री मागून धडकलेल्या दुचाकीस्वारांना आम्ही पाहतो आणि सोबत येणारे चालक पुष्कळदा एकच वाक्य बोलतात, "दिसलाच नाही." लाल काच नसताना मागे पांढरा उजेड दाखवत चालणं तर अंधारापेक्षा वाईट. मागच्याला वाटतं समोरून गाडी येते आहे आणि तो भलतीकडे स्टिअरिंग वळवतो. बुटीबोरी_नाइट, काच आधी घ्या. बाकी काही राहिलं तर राहू द्या.

हॉस्टेल_हिंगणा

फुटलेली काच चिकटवली तर? माझ्याकडे तीन तुकडे जपून ठेवलेले आहेत. फेवीक्विकने होते का?

वायरिंग_काका_महाल

फेवीक्विकने चिकटते, पण वाफेने सांध्याभोवती पांढरी बुरशी आल्यासारखा थर येतो आणि काच धूसर होते. कंपनाने पुन्हा उघडते ते वेगळंच. टेल लाइटच्या काचा बहुधा ॲक्रिलिकच्या असतात. दुकानांच्या पाट्या आणि ॲक्रिलिकची अक्षरं करणारे लोक क्लोरोफॉर्मने ॲक्रिलिक जोडतात. त्यात प्लास्टिकच वितळून एकजीव होतं, गोंदाचा थर राहत नाही. सगळे तुकडे असतील तर अशा माणसाकडे घेऊन जा, चहापाण्यात करून देईल. घरी क्लोरोफॉर्म आणून बंद खोलीत प्रयोग करू नका, वाफ चांगली नाही. आणि एखादा तुकडा हरवला असेल तर हा नाद सोडा. भोकातून पावसाळ्यात पाणी आत जाईल, होल्डर गंजेल आणि मग खरंच सेट घ्यावा लागेल.

सेटच्या मागच्या प्लास्टिकचा कान तुटला असेल, म्हणजे स्क्रू धरायची जागा, तर तिथे एम-सील उत्तम. दोन्ही गोळे रंग एकसारखा होईपर्यंत मळा, लावा, रात्रभर हात लावू नका.

सदर_शिक्षिका

काका, भंगारातली जुनी काच घेतली तर चालेल का? माझ्या शाळेतला शिपाई तेच करतो म्हणाला.

वायरिंग_काका_महाल

चालेल, ताई, पण उन्हात धरून पाहायची. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिली की लाल रंग विटतो आणि प्लास्टिक कडक होतं. अशी काच स्क्रू आवळतानाच तडकते. लाल गडद असेल, आतली नक्षी घासलेली नसेल तर खुशाल घ्या. स्क्रू कोणताही असो, हाताने थांबेल तिथून थोडासाच पुढे. काचेभोवतीची रबराची पट्टी जुन्या सेटमधून जपून काढा, नव्या लोकल काचेसोबत ती पुष्कळदा येत नाही.

बुटीबोरी_नाइट

काका, आज सुटी आहे. तुम्ही सांगाल तसं उघडतो. माझ्याकडे मल्टिमीटर नाही, पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आहे.

वायरिंग_काका_महाल

मल्टिमीटरची गरज नाही. जुन्या इंडिकेटरचा चालू बल्ब घ्या, त्याच्या टोपीला एक वायर आणि बुडाच्या ठिपक्याला एक वायर घट्ट बांधा. हाच टेस्ट लॅम्प. गॅरेजमध्ये आम्ही यावरच निम्मं काम करायचो आणि अर्थिंग शोधायला हा मल्टिमीटरपेक्षा बरा. मल्टिमीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे एका तारेवर लटकलेली वायरही तो चांगली दाखवतो. बल्बला खरा करंट लागतो, तो लगेच खोटं पकडतो.

सीट काढा. मागच्या लाइटकडून येणाऱ्या तीन वायर शोधा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं टेलच्या होल्डरच्या पितळी कडेला लावा. बॅटरी प्लसला लावताना मधली उघडी तार चेसिसला टेकू देऊ नका. लॅम्प लख्ख पेटला तर अर्थिंग ठीक. पेटला नाही किंवा मंद पेटला तर हिरवी वायर दोषी.

मग इंजिन चालू करा, हेडलाइटचं बटण दाबा, लॅम्पचं एक टोक चेसिसच्या रंग नसलेल्या बोल्टला आणि दुसरं तपकिरी वायरला. पेटला तर टेलचा करंट मागेपर्यंत येतो आहे. इंजिन बंद ठेवून हे पाहिलं तर काहीच दिसणार नाही आणि उगाच वायर मेली असं वाटेल.

बुटीबोरी_नाइट

झालं, काका!

पितळी कडेला लॅम्प अगदीच पेटत नाही. तपकिरीवर इंजिन चालू करून लख्ख. म्हणजे तुम्ही म्हणाला तेच. हिरवी वायर मडगार्डच्या आत जिथे पत्र्याच्या कडेवरून वळते तिथे तुटलेली सापडली, वरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली. हाताने ओढली तेव्हा रबरासारखी ताणली म्हणून कळलं.

आता ही तिथेच जोडू की पूर्ण बदलू?

वायरिंग_काका_महाल

तिथेच जोडू नका, तिथे ती पुन्हा घासणार. दोन फूट नवी वायर घ्या, जाडी जुन्याइतकी तरी हवी. एक टोक होल्डरच्या अर्थिंगच्या जागी डाग द्या, म्हणजे सोल्डर करा. डाग द्यायला येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाला दहा-वीस रुपयांत देईल. दुसऱ्या टोकाला गोल थिंबल (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून ते मडगार्ड धरणाऱ्या चेसिसच्या बोल्टखाली आवळा. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू काढा, नाहीतर रंगावर अर्थिंग लागणार नाही. आवळून झालं की वरून व्हॅसलीन लावा, पावसाळ्यात गंज धरत नाही. वायर पत्र्याच्या कडेवरून जाते तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

होल्डर उघडलाच आहे तर आतले दोन ठिपके आणि पितळी कडाही पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून घ्या. लोकांना वाटतं, गंजाने थोडंसं व्होल्टेज कमी झालं तर काय बिघडलं? फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. बल्ब नवा असूनही मागचा लाइट मरगळलेला दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

बल्ब बसवताना टोपीवरच्या दोन खुंट्या बघा, एक वर, एक खाली. होल्डरच्या खाचाही तशाच. दाबून फिरवायचा, जोर लागला तर काढून उलटा करून बघायचा. जबरदस्तीने उलटा बसवला तर टेलच्या जागी ब्रेकचा फिलामेंट कायम जळत राहतो आणि ब्रेक दाबला की उजेड वाढण्याऐवजी जवळजवळ तेवढाच राहतो.

मानेवाड्याची_पल्सर

काकांनी एवढं सांगितलं त्यात माझी एक भर. सेट मडगार्डला जिथे बसतो तिथे रबराचे बुश असतात. धक्क्यात ते फाटले असतील तर बल्ब पुन्हा पुन्हा जातील, कारण इंजिनाचा सगळा हादरा थेट फिलामेंटला. मी बेसा रोडच्या खड्ड्यांतून रोज जातो, नवा बुश टाकल्यापासून बल्ब बदलायची वेळ आली नाही.

वायरिंग_काका_महाल

अगदी बरोबर. आणि बल्ब वारंवार जात असतील, त्यातही हेडलाइट, मीटर आणि टेल तिन्ही एकदम उडत असतील, तर हादऱ्याकडे नाही, आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिटकडे बघायचं. ते व्होल्टेज आवरतं. ते बिघडलं किंवा त्याची स्वतःची अर्थिंग सैल झाली की रेस केल्यावर व्होल्टेज चढतं आणि सगळे बल्ब जातात. तिथे नवीन बल्ब घालत बसणं म्हणजे पैसे पाण्यात.

बुटीबोरी_नाइट

काम पूर्ण. हिशोब देतो, पुढे कोणाला उपयोग होईल:

५/१० चा बल्ब: दुकानदाराने २१ चा परत घेऊन बदलून दिला, वर काही घेतलं नाही
काच: ९०
वायर आणि थिंबल: २०
डाग: १०
रिफ्लेक्टर: २०

एकूण १४० रुपये. पहिल्या बल्बचे २५ आधीच गेले होते, ते धरले तरी १६५. रबर बुश शाबूत होते. काचेचा एक स्क्रू गंजलेला होता, त्याच्या जागी दुसरा दुकानदाराने फुकटच दिला.

टेल लागतो, ब्रेक दाबला की फरक लांबून कळतो, मीटरचा दिवा आता ब्रेकवर हलत नाही. बहिणीला मागे रस्त्यावर लांब उभं करून पाहिलं, नंबर प्लेट वाचता येते. काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. नऊशेच्या सेटची उधारी करायला निघालो होतो.

एक शेवटचं. आता मागचा ब्रेक थोडासा दाबला तर लागत नाही, पूर्ण पाय दाबला की लागतो. पुढच्या ब्रेकला मात्र लागतच नाही. काही राहिलं का?

वायरिंग_काका_महाल

मागच्याचं साधं आहे. उजव्या बाजूला पेडलजवळ ब्रेकचा स्विच आहे, स्प्रिंगने पेडलला जोडलेला. स्विचच्या अंगावर प्लास्टिकचा नट असतो. स्विच एका हाताने स्थिर धरून फक्त नट फिरवायचा, म्हणजे स्विच वर सरकतो आणि लाइट लवकर लागतो. स्विचच फिरवलात तर आत वायर तुटते. पेडलचा मोकळा खेळ संपता संपता लाइट लागला पाहिजे. फार वर घेऊ नका, नाहीतर पाय न ठेवताही लाइट लागून राहील. मागच्याला तुम्ही थांबताय की चाललाय ते कळणार नाही आणि बॅटरी उतरेल ती वेगळी.

पुढच्याचं असं की जुन्या स्प्लेंडरला पुढच्या ब्रेकला स्विच आहे का ते आधी बघा. लिव्हरच्या मुळाशी दोन वायर जात असतील तर आहे. त्या दोन वायरची टोकं एकमेकांना टेकवून पाहा. ब्रेक लाइट लागला तर स्विच बदला, छोटासा आणि स्वस्त असतो. वायरच नसतील तर तुमच्या मॉडेलला तो नव्हता, मग मागचा पाय हलकासा ठेवायची सवय करा.

हॉस्टेल_हिंगणा

काका, माझा प्रश्न थोडा वेगळा. जुनी पल्सर १५०, मागे दोन उभ्या एलईडी पट्ट्या. डावीकडची अर्धीच लागते. शोरूमला विचारलं तर पूर्ण युनिट म्हणाले, किंमत ऐकून परत आलो. मेसचे पैसे भरायचे आहेत.

वायरिंग_काका_महाल

अर्धी लागते म्हणजे करंट येतो आहे, अर्थिंगही ठीक आहे. आतले एलईडी गटागटाने जोडलेले असतात, प्रत्येक गटाला एक रेझिस्टर. गटातला एक एलईडी गेला की त्याच्यासोबतचे सगळे जातात, म्हणून अर्धी पट्टी काळी दिसते. युनिट उघडून एलईडी बसवलेली आतली पाटी बाहेर काढायची आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे न्यायची. तो गेलेला एलईडी शोधून तसाच लाल घालून देईल. फक्त युनिट उघडताना घाई नको. काच चिकटवलेली असेल तर कडेने हेअर ड्रायरने गरम करत, चाकूचं बोथट टोक घालत हळूहळू सोडवा. परत लावताना सिलिकॉन सीलंटने कड पूर्ण बंद करा, कुठेही फट राहिली तर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल.

उघडायच्या आधी, दोन्ही पट्ट्यांना वेगळे कनेक्टर असतील तर डावा आणि उजवा अदलाबदल करून बघा. दोष बाजू बदलतो का? बदलला तर पट्टी चांगली आहे, वायरिंगमध्ये शोधायचं. ते पाहून इथेच फोटो टाका, मी संध्याकाळी बघतो.